फरसबंदीतली बंदी कुठली?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेत फक्त एका विषयावर दोन तास गेले, आणि तो विषय होता कॉमन प्लॉट. बडोद्यातल्या जुन्या सोसायट्यांत सगळ्यांच्या मालकीचा एक मोकळा चौकोन असतो, त्याला मराठी घरांतही कॉमन प्लॉटच म्हणतात. आमच्या चौकोनात एक कडुनिंब आहे, दोन आसोपालव आहेत आणि बाकी माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि वर्षभर स्कूटरची चाकं रुततात अशी तक्रार. खजिनदार उठले आणि म्हणाले, "ब्लॉक नखावी दईए, टंटो ज मटी जाय." ब्लॉक टाकून द्या, कटकटच मिटली. बहुतेकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे सगळीकडे फरसबंदी करणार?" काकू ऐंशीच्या पुढच्या, दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्या. त्यांचा शब्द ऐकून मागच्या रांगेतला कॉलेजातला मुलगा हसत म्हणाला, "काकू, बंदी म्हणजे बॅन ना? मातीवर बॅन?" सगळे हसले. गुजरातेत जन्मलेल्या मुलाला बंदी म्हटल्यावर आधी दारूबंदी आठवणार, त्यात त्याचा काय दोष. पण मी घरी आलो तो त्याच शब्दाशी घोळत. पोराचं व्याकरण चुकलं होतं. शहराचं वर्णन मात्र त्याने बरोबर केलं होतं.

मराठीत बंदी दोन आहेत. एक बांधणारी आणि एक मना करणारी. नालबंदी, तटबंदी, मोर्चेबंदी या पहिल्या घरच्या. नोटबंदी, संचारबंदी, दारूबंदी दुसऱ्या. दोन्हींच्या मुळाशी फारसीतलं 'बस्तन' हे क्रियापद, म्हणजे बांधणे. संस्कृतातला 'बन्ध' आणि आपलं बांधणं त्याचेच दूरचे भाऊ. बांधलेली गोष्ट हलत नाही, म्हणून बांधण्यातून अडवणं आलं आणि अडवण्यातून मनाई. हा प्रवास किती छोटा आहे ते पाहायचं तर जमाबंदी आणि जमावबंदी हे दोन शब्द शेजारी ठेवा. एकात शेतसाऱ्याची व्यवस्था लावलेली आहे, दुसऱ्यात चौघांनी एकत्र उभं राहायचं नाही. मध्ये फक्त एक 'व'. नसबंदी तर दोन्ही घरांत एकाच वेळी राहते, पण तो विषय सभेत काढण्यासारखा नव्हता.

फरसबंदी ही पहिल्या घरची. फरस पसरला आणि बांधला, म्हणजे जागच्या जागी घट्ट बसवला. खालची जमीन बंद करणं तिच्या अर्थात कुठेही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या शहराने, आणि खरं तर आपल्या सगळ्याच शहरांनी, पहिल्या बंदीच्या नावाखाली दुसरी बंदी अमलात आणली आहे. जमीन बांधायची होती. आपण ती बंद केली. आणि ते आपल्या लक्षात आलं नाही, याचं एक कारण भाषेतही आहे.

आधी फरस. मूळ अरबी शब्द 'फर्श', धातूचा अर्थ पसरणे, अंथरणे. फर्श म्हणजे अंथरलेली वस्तू: गालिचा, सतरंजी, बिछाना. ती अंथरणारा नोकर तो फर्राश, मराठीत फरास. गालिचे, तंबू, कनाती जिथे ठेवायच्या तो फरासखाना. पुण्याचा फरासखाना आज पोलीस चौकीमुळे माहीत असतो आणि तिथे जाण्याची वेळ येऊ नये असंच सगळ्यांना वाटतं, पण त्या नावात एके काळच्या गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या आहेत. अंथरायची वस्तू कापडाची होती ती पुढे दगडाची झाली, शब्द तोच राहिला. फर्शची फरशी झाली. आता मराठीत फरशी म्हटलं की शहाबादी किंवा कोटा डोळ्यांपुढे येतो, मऊ काहीच येत नाही. (लढाईतली फरशी वेगळी, ती परशूची लेक. दोघींचा संबंध नाही, पायावर पडली तर परिणाम मात्र सारखाच.) आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी मला ठासून सांगितलं की फरशी हा शब्द 'स्पर्श'वरून आला, कारण पाय तिला स्पर्श करतात. असं कानाला गोड लागणारं व्युत्पत्तिशास्त्र हल्ली रोज सकाळी फोनवर येतं. पाय चपलेलाही स्पर्श करतात.

स्नेह्यांना संस्कृतचा धागा हवाच असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि स्पर्शाहून कितीतरी सुंदर आहे. संस्कृतात 'स्तृ' म्हणजे पसरणे. त्यातून विस्तार, आस्तरण आणि प्रस्तर. यज्ञात वेदीवर दर्भाची एक जुडी अंथरतात, तिचं नाव प्रस्तर. गवताची शेज. तोच प्रस्तर पुढे दगड झाला. प्राकृतातून उतरताना त्याचा पत्थर झाला, पाथर झाला. दगड घडवणारा तो पाथरवट. आणि शब्दाची जुनी मऊ बाजू मेली नाही, ती पथारीत राहिली. आपण पथारी पसरतो ती दगडाची नसते. गुजरातीत तर सगळं कुटुंब एका छपराखाली नांदतंय: 'पाथरवुं' म्हणजे अंथरणं, 'पाथरणुं' म्हणजे अंथरलेलं कापड, 'पथ्थर' म्हणजे दगड. मंगळ बाजारात जमिनीवर कापड पसरून बसणारा तो पाथरणावाळा. मराठीत तोच पथारीवाला.

म्हणजे अरबी फर्श आणि संस्कृत प्रस्तर, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले दोन शब्द, एकाच वाटेने चालले. दोघेही अंथरुणातून निघाले आणि दगडापाशी पोहोचले. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. दगड बसवणाऱ्या माणसाच्या मनात आधी चटई होती. त्याला जमीन झाकून टाकायची नव्हती, बसण्या-चालण्याजोगी करायची होती.

युरोपातही तेच. रोमन लोक आपल्या बांधीव रस्त्याला 'व्हिया स्त्राता' म्हणत, पसरलेला रस्ता. त्या स्त्रातातून इंग्रजांचा स्ट्रीट आला, इटालियनांची स्त्रादा आली, आणि पूर्वेकडे जाता जाता अरबीतला 'सिरात', म्हणजे मार्ग, हाही तिथलाच. लॅटिनमधला हा पसरणारा धातू आणि आपला 'स्तृ' सख्खे चुलतभाऊ आहेत. स्ट्रीट आणि विस्तार एका आजोबाची नातवंडं. शहराचा 'विस्तार' झाला की तिथे पहिला 'स्ट्रीट' पडतो यात भाषेला तरी काही नवल वाटू नये. गुजरातीत तर वस्तीच्या भागालाच विस्तार म्हणतात.

पसरणाऱ्या शब्दांखेरीज दुसरी जात आहे ती कुटणाऱ्या शब्दांची. इंग्रजी पेव्हमेंटचं मूळ लॅटिन 'पाव्हिमेन्तुम', आणि त्याच्या आत 'पाव्हिरे', म्हणजे ठोकणे, चोपणे. माती, चुना, विटांचे तुकडे अंथरून ठोकून ठोकून केलेली भुई. हे आपल्याला परकं नाही. आपल्याकडे गच्चीवर कोबा करत. विटांचा चुरा आणि चुना पसरायचा आणि बायकांनी रांगेत बसून लाकडी चोपण्यांनी दिवसचे दिवस ठोकायचा. काकू सांगतात की त्यांच्या वाड्याच्या गच्चीवर कोबा चालू असताना बायका ठोक्यावर गाणी म्हणत आणि खालच्या खोलीत कुणाला दुपारची झोप मिळत नसे. फारसीत 'कूबीदन' म्हणजे कुटणे. कोबा त्याच घरचा वाटतो. तेव्हा पेव्हमेंटला अगदी शब्दाला शब्द द्यायचा तर तो कोबा. फरसबंदी नव्हे, आणि पदपथ तर नव्हेच.

पदपथ हे एक वेगळंच प्रकरण आहे. विलायतेत पेव्हमेंट म्हणजे रस्त्याच्या कडेची चालायची पट्टी. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे मोटारी जातात तो रस्ताच. आपले इंजिनिअर अमेरिकी पुस्तकांच्या बाजूचे. ते डांबरी रस्त्याला 'फ्लेक्सिबल पेव्हमेंट' आणि काँक्रीटच्या रस्त्याला 'रिजिड पेव्हमेंट' म्हणतात. आपले वर्तमानपत्रवाले विलायती बाजूचे. त्यामुळे 'पेव्हमेंटच्या कामासाठी मंजुरी' अशी बातमी आली की वाचणाऱ्याला चालायला जागा मिळणार वाटतं आणि तिथे मोटारींसाठी रस्ता रुंद होतो. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. आमच्या रस्त्यावर असंच झालं, आणि आम्ही त्याचे पेढेसुद्धा वाटले होते.

आता काळे शब्द. स्कॉटलंडचा जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने रस्त्याचं शास्त्र पालटलं. त्याच्या आधी रस्त्याच्या पोटात मोठमोठे दगड घालत. मॅकॅडम म्हणाला, भार पेलते ती खालची मूळ जमीन. ती कोरडी राहिली की झालं. म्हणून त्याने रस्ता आजूबाजूपेक्षा थोडा उंच केला, मध्ये किंचित फुगवला, आणि लहान कोनदार खडीचे थर दिले, इतके लहान की सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा दगड त्याला चालत नसे. खडी चाकांखाली एकमेकींत अडकून घट्ट होई. त्याच्या नावावरून ती पद्धत मॅकॅडम झाली. आपल्याकडे तिला मेटलचा रस्ता म्हणतात आणि ते ऐकून लोखंड आठवतं, पण ग्रीकमध्ये 'मेतालॉन' म्हणजे खाण. खाणीतला दगड तो मेटल. बडोद्याचा कडिया, म्हणजे गवंडी, त्यालाच कपची म्हणतो आणि वाद मिटवतो.

मोटारी आल्या तेव्हा मॅकॅडमच्या रस्त्यावर धुळीचे लोट उठायला लागले. १९०२ साली एडगर पर्नेल हूली या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या सर्व्हेयरने डांबर आणि भट्टीतला मळ यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. आदल्या वर्षी एका लोखंडाच्या कारखान्याजवळ डांबराचं पिंप सांडलं होतं, कुणीतरी त्यावर भट्टीचा मळ टाकला होता, आणि तेवढाच तुकडा धूळ न उडवता गुळगुळीत राहिलेला त्याने पाहिला, अशी कथा सांगतात. टार अधिक मॅकॅडम, म्हणून टारमॅक. आज विमानतळावरच्या बातम्यांत टारमॅक सर्रास येतो आणि विमान बहुतेक वेळा काँक्रीटवर उभं असतं. मॅकॅडमचं नाव अर्धं उरलं, टार गेलं, शब्द मात्र उड्डाणं करतोय.

आपल्या डांबराची गोष्ट याहून लांबची आहे. मलाय भाषेत 'दामार' म्हणजे झाडाची राळ. तिच्या मशाली करत, आणि ती जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत भरत. व्यापाराबरोबर तो शब्द हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला. पुढे कोळशापासून निघणाऱ्या काळ्या चिकट द्रवाला तेच नाव मिळालं; कपाटातल्या डांबराच्या गोळ्या त्या काळच्या. मग कोळसाही मागे पडला, आणि आज रस्त्यावर पडतं ते खनिज तेलाचा तळ असतो, बिट्यूमेन. बडोद्याला त्यासाठी लांब जायला नको. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून शहराच्या वेशीवर आहे आणि तिथे ते तयार होतं. झाडाची राळ, कोळशाचा रस, तेलाचा गाळ: पदार्थ तीनदा बदलला तरी शब्द एक राहिला, कारण काम एकच राहिलं. पाणी आत येऊ द्यायचं नाही. जहाजातही नाही, रस्त्यातही नाही.

आणि ते रस्त्यासाठी बरोबरच आहे. मॅकॅडमचंच सूत्र: खालची जमीन कोरडी हवी. मुख्य रस्त्यावर पाणी मुरू द्या असं मी म्हणणार नाही, खड्ड्यांनी माझीही कंबर मोडली आहे. पण रस्त्याच्या कडा, सोसायटीचे चौकोन, देवळाची आवारं, शाळांची मैदानं यांना डांबराचा नियम कुणी लावला? तिथे नियम फरसाचा होता. पसरायचं, बांधायचं, फटीतून पाणी जाऊ द्यायचं, आणि गरज पडली तर उचलायचं. जुन्या वाड्याच्या चौकातल्या फरशांमधून गवत उगवत असे. ते उपटणं हे सुटीतलं आम्हा मुलांचं काम होतं, एका मुठीला एक गोळी अशा दराने.

गंमत म्हणजे ज्या ब्लॉकने हे सगळं बुजवलं, तो ब्लॉक मुळात फरसाच्या बाजूचा आहे. सिमेंटचे असे ब्लॉक दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये वाढले. तिथे रस्ते विटांचे असत, युद्धाने विटांचा तुटवडा झाला, तेव्हा विटेच्या मापाचे सिमेंटचे तुकडे पाडले. समुद्राच्या पातळीखालची मऊ, खचणारी जमीन. म्हणून ते वाळूवर नुसते मांडायचे, फटींत बारीक वाळू भरायची, आणि जमीन बसली किंवा खालची नळी फुटली की ब्लॉक उचलून पुन्हा मांडायचे. आपल्याकडेही या ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे, आणि रीतसर पद्धत हीच आहे: दाबलेल्या खडीवर दीड-दोन बोटं वाळूचा थर, ब्लॉकमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट, फटीत वाळू. ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात ते सिमेंटने नव्हे, त्या वाळूने. अगदी शब्दशः फरसबंदी.

प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही गल्लीत उभं राहून पाहावं. खाली आधी काँक्रीट ओततात, कारण "मजबूत पाहिजे ना". त्यावर ब्लॉक. कडेला भिंतीपर्यंत, झाडाच्या बुंध्यापर्यंत, आणि जिथे ब्लॉकचा तुकडा बसत नाही तिथे सिमेंटचा गिलावा. शेवटी फटींतून सिमेंटचं पातळ पाणी फिरवतात. झाला घट्ट दगड. वर ब्लॉकची नक्षी तेवढी उरली. आमच्या मागच्या गल्लीत असे ब्लॉक बसवले आणि तीन महिन्यांत नळाच्या कामासाठी ब्रेकर लावून फोडले. ब्लॉकचा सगळा गुण उचलता येण्यात होता, तोच मारून टाकला, मग साधं काँक्रीट काय वाईट होतं? निदान स्वस्त पडलं असतं. आणि ज्या डच लोकांनी हे ब्लॉक जगाला दिले, ते आता दर वर्षी गावागावांत अंगणातल्या लाद्या उचलून झाडं लावण्याची स्पर्धा खेळतात. रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅमच्या पैजेपासून २०२० साली सुरुवात झाली, पुढच्या वर्षी ती देशभर गेली.

इथे कुणी म्हणेल, बडोद्याला पूर आला तो काय लादीमुळे? नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३७ फुटांवर गेली तेव्हा, किंवा ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला तेव्हा, आमच्या कॉमन प्लॉटची माती काय पिणार होती? तेवढ्या पाण्यापुढे मातीही पहिल्या तासात तुडुंब होते. त्या पुराची कारणं नदीच्या पात्रात, बुजवलेल्या कोतरांत, म्हणजे घळींत, आणि वरच्या तलावांच्या पाण्यात शोधावी लागतात. लादीवर सगळं ढकलणारे पर्यावरणवादी मला पटत नाहीत. त्यांच्यामुळे खरे दोषी सुटतात. मी बोलतोय ते रोजच्या पावसाबद्दल. एक इंच सरीने जिथे घोटाभर पाणी साचतं आणि दोन तास हलत नाही, त्या पावसाबद्दल. आमचा चौकोन सुमारे ५००० चौरस फुटांचा आहे. एक इंच पावसात त्यावर साडेअकरा हजार लिटरहून जास्त पाणी पडतं, म्हणजे एक मोठा टँकर. मातीवर त्यातलं बरंचसं तिथेच जिरतं. काँक्रीटवरून सुमारे नव्वद टक्के वाहून जातं आणि पुढच्या सोसायटीच्या दारात जातं, तिचं आणखी पुढच्या. मग उन्हाळ्यात आपण तोच टँकर पैसे देऊन मागवतो. काकूंचा प्रश्न असता, "आलेला पाहुणा हाकलून पुन्हा बोलवायला गाडी का पाठवता?"

उलट बाजूही खोटी नाही. बडोद्याच्या आसपासची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिचा चिखल चपलेला जो धरतो तो सोडत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला माती म्हणजे कैद. म्हाताऱ्यांना पाय घसरण्याची भीती. कचरा गोळा करणाऱ्या बाईला मातीतून झाडणं आणि लादीवरून झाडणं यांतला फरक विचारावा. तिचं मत माझ्या निबंधाच्या विरुद्ध पडेल आणि ते मोजलं पाहिजे. सरसकट माती हे उत्तर मी देत नाही. मला फक्त सरसकट हा शब्द नको आहे.

म्हणून पुन्हा शब्दाकडे येतो. 'ब्लॉक नखावी दईए' या वाक्यात खाली काय, फटीत काय, कडेला काय, झाडाचं काय, यांतलं काहीही ठरत नाही. 'पेव्हर' हा शब्द कामाच्या फलकावर येतो तेव्हाही ठरत नाही. जुन्या शब्दांत ते ठरलेलं असे. कोबा म्हटलं की पाणी जाणार नाही हे कळे, म्हणून तो गच्चीवर. फरसबंदी म्हटलं की फटी असणार, म्हणून ती चौकात. मुरूम टाकला म्हटलं की पाणी आत जाणार आणि दर वर्षी पुन्हा टाकावा लागणार. एका शब्दात गवंड्याला अर्धी सूचना मिळून जाई. आता सगळ्याचं नाव पेव्हर झाल्यावर गच्चीचा नियम चौकाला लागला, आणि तक्रार करायला गेलं तर समोरचा म्हणतो, "कामात ब्लॉक लिहिले होते, ब्लॉक बसवले."

माझी मागणी शब्दशुद्धीची नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला त्यात फारसी शब्द काढून संस्कृत घातले, ती त्या काळची राजकीय गरज होती. बडोद्याने वेगळा रस्ता घेतला. सयाजीरावांच्या राजवटीत १९३१ साली निघालेल्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूत राज्यकारभाराच्या शब्दांना इंग्रजीसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी मांडले. कुणाला हाकललं नाही, सगळ्यांना एका पंगतीत बसवलं. याच शहराचा तो वारसा असेल तर रस्त्याच्या कामाच्या फलकावर दोन साध्या ओळी जास्त मागण्यात काही जगावेगळं नाही. गुजरातीत लिहा, पण लिहा: खाली वाळू की काँक्रीट. फटी उघड्या की बुजवलेल्या. पाणी कुठे जाणार. झाडापासून किती अंतर. पेव्हर म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तो फरस आहे की कोबा आहे, ते आधी सांगा.

झाडाच्या अंतरासाठी तर नवा शोधही लावायला नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. वडोदरा हे नावच वटोदरावरून आलं, वडांच्या पोटातलं गाव. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात ते वटपद्रक आहे, तिथेही वड आहेच. आता वडाच्या पारंबीला जमिनीपर्यंत पोहोचून ब्लॉकवर टेकावं लागतं, हे मी सयाजीबागेजवळच्या एका फुटपाथवर पाहिलं आहे. पारंबी ब्लॉकवर आडवी पसरली होती. पाथरणावाळ्यासारखी.

आमच्या सभेचा निर्णय पुढच्या महिन्यात झाला. फाटकापासून जिन्यापर्यंत सहा फुटांची पट्टी, वाळूवर, फटी उघड्या ठेवून, म्हणजे काकूंची काठी आणि खालच्या मजल्यावरची चाकाची खुर्ची सरळ जाईल. स्कूटरच्या जागेवर कपची. बाकी माती. कॉलेजातल्या मुलाने वाळूच्या थराचे व्हिडिओ शोधून सगळ्यांना पाठवले, त्यामुळे माझं भाषण वाचलं. खजिनदार अजून नाराज होते. त्यांना निदान कडुनिंबाभोवती ब्लॉक हवे होते, बसायला बरं म्हणून.

कडियानाक्यावरून आलेला कडिया दाहोदकडचा होता. त्याने झाडाच्या चारी बाजूंना मीटरभर मोजून दोरी ताणली आणि अडीच मीटरचा चौकोन आखला. मग जमिनीवर काडीने हिशोब केला. चौरस मीटरला पन्नास ब्लॉक, सहा चौरस मीटर आणि वर थोडं. "त्रणसो ओछा लागशे, साहेब," तो म्हणाला. तीनशे कमी लागतील. खजिनदारांनी दोरीकडे पाहिलं, मग चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं, आणि विचारलं, आसोपालवलाही एवढीच जागा सोडावी लागते ना?